गमबूट घातले होते, तरी तळपायाला डाग कसे? नाशिकमधलं सिफिलिसचं एक प्रकरण

पार्श्वभूमी

मी नाशिकमधे एका सरकारी दवाखान्यातल्या सुरक्षा क्लिनिकला काउन्सेलर आहे. लैंगिक आजारांची ही ओपीडी, तपासणी फुकट, औषध फुकट, पण आमच्या दारासमोरच्या बाकावर बसायची लोकांना इतकी लाज वाटते की बरेच जण आधी स्किनच्या रांगेत उभे राहतात आणि मग तिथल्या डॉक्टर मॅडम त्यांना आमच्याकडे पाठवतात. हे प्रकरणही तसंच आलं. नवरा-बायको दोघांना विचारून लिहितेय, ओळख पटेल असा तपशील बदललाय, आणि नावं द्यायचीच नाहीत म्हणून त्याला भाऊ आणि तिला वहिनी म्हणते.

भाऊ तिशीच्या आतला, दिंडोरीकडचा. घरची थोडी द्राक्षबाग, ट्रॅक्टर आणि ब्लोअर स्वतःचा, त्यामुळे ऑक्टोबर छाटणी झाली की डावणी-भुरी या द्राक्षावरच्या रोगांच्या फवारणीला दुसऱ्यांच्या बागेतही जातो. त्याच्या आधी टोमॅटोचा सीझन असतो, तेव्हा मित्राच्या पिकअपवर रात्री वाशी मार्केटला माल घेऊन जायचं, एक जण चालवतो दुसरा झोपतो. घरी आई-वडील, बायको, तीन वर्षांची मुलगी, आणि बायको दुसऱ्यांदा गरोदर.

आता क्रम सांगते, कारण या केसमधे सगळं तारखांवरच आहे. ऑगस्टच्या मधे वाशीच्या एका ट्रिपला कंडोम न वापरता संबंध आला. सप्टेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात लिंगावर एक फोड, त्याची जखम झाली, कडा कडक, पण दुखत नव्हती. दुखत नाही म्हणून मेडिकलमधून मलम आणून लावलं, तीन-चार आठवड्यात आपोआप बरी झाली, त्याला वाटलं मलमाने बरी झाली. सप्टेंबरच्या शेवटी वहिनीची गरोदरपणाची पहिली तपासणी झाली, नववा आठवडा चालू होता, त्यात सिफिलिसची टेस्ट निगेटिव्ह. नोव्हेंबरच्या सुरुवातीला भाऊच्या अंगावर तांबूस डाग उठले, पोट, पाठ, मग तळहात आणि तळपाय. फवारणीचे दिवस, गावात सगळ्यांनी सांगितलं औषध बाधलं.

दोन डॉक्टर झाले. दोघांनी अ‍ॅलर्जीच्या गोळ्या दिल्या, एकाने स्टेरॉइडचं मलम पण दिलं. दुसऱ्या डॉक्टरांना थोडी शंका आली असावी कारण त्यांनी व्हीडीआरएल, म्हणजे सिफिलिसची रक्ताची टेस्ट, लिहून दिली होती, आणि त्याचं मला खरंच कौतुक वाटतं, पण खासगी लॅबचा रिपोर्ट आला नॉन रिअ‍ॅक्टिव्ह, म्हणजे निगेटिव्ह, मग विषय संपला. डिसेंबरच्या मधे तो आमच्याकडे आला तेव्हा डाग होतेच, शिवाय डोक्यावरचे केस जागोजागी गेलेले, उंदराने कुरतडल्यासारखे.

हा जंतू कसा आहे

थोडं जंतूबद्दल सांगायला पाहिजे, नाहीतर पुढचे निर्णय असे का घेतले ते कळणार नाही. सिफिलिसला आपल्याकडे गरमी म्हणतात, उपदंश म्हणतात, आयुर्वेदाच्या जुन्या ग्रंथात फिरंग रोग असंही नाव आहे, फिरंग्यांबरोबर आला म्हणून. परमा वेगळा, ती गोनोरिया, लोक दोन्हीची गल्लत करतात आणि मग पू नाही, जळजळ नाही म्हणजे काही नाही असं धरून चालतात. सिफिलिसचा जंतू ट्रेपोनेमा पॅलिडम, शाउडिन आणि हॉफमन या दोघांनी १९०५ मधे बर्लिनला शोधला. स्प्रिंगसारखा पिळाचा आणि इतका बारीक की साध्या मायक्रोस्कोपखाली दिसत नाही. त्याच्या बाहेरच्या आवरणावर प्रोटीन फार कमी असतात, त्यामुळे शरीराला सुरुवातीला तो नीट ओळखूच येत नाही. जखम दुखत नाही आणि माणूस गाफील राहतो.

त्याचे सख्खे भाऊबंद पण आहेत. एकाने यॉज होतो, तो लहान मुलांमधे कातडीला कातडी लागून पसरायचा, आपल्या देशात आदिवासी भागात होता आणि २०१६ मधे जागतिक आरोग्य संघटनेने भारत यॉजमुक्त झाल्याचं जाहीर केलं. दुसरा बेजेल, तो कोरड्या वाळवंटी भागात, एकाच भांड्यातून पाणी पिण्याने वगैरे पसरतो. तिसरा पिंटा, अमेरिका खंडातला, फक्त कातडीचा. रक्ताच्या टेस्टमधे या चौघात फरक करता येत नाही. हे मी उगाच सांगत नाहीये, पुढे वहिनीने एक प्रश्न विचारला त्याच्याशी याचा संबंध आहे.

अजून एक गोष्ट. हा जंतू फार हळू वाढतो, एकाचे दोन व्हायला तीसेक तास लागतात, आणि शरीराबाहेर लॅबमधे तो सलग वाढवायला शास्त्रज्ञांना २०१८ उजाडलं, तोवर सशात वाढवायचे. म्हणजे बाकी इन्फेक्शनसारखं नमुना घेऊन जंतू वाढवून बघू हे रोजच्या लॅबमधे होतच नाही. आपण रक्तात बघतो ती जंतूमुळे शरीराने तयार केलेली अँटीबॉडी, जंतू नव्हे. आणि अँटीबॉडी तयार व्हायला वेळ लागतो.

पहिला पेच: रिपोर्ट खरा की अंग खरं

स्किनच्या मॅडमनी त्याचा जुना रिपोर्ट बघितला, बाजूला ठेवला आणि विचारलं, खाज येते का. तो म्हणाला नाही. मग विचारलं, फवारताना पायात काय घालता. तो म्हणाला गमबूट. मॅडम म्हणाल्या, "मग तळपायाला औषध कुठून लागलं?" मी तिथेच उभी होते आणि मला ते वाक्य आजही तसंच आठवतं. दीड महिना हा माणूस औषध बाधलं, औषध बाधलं म्हणून फिरत होता आणि पायात रोज गमबूट होते. पुढे त्यांनी तोंडात टॉर्च मारला तर गालाच्या आतून पांढुरके चट्टे, कोपराच्या वर आतल्या बाजूला छोटी गाठ हाताला लागली. मग आडून आडून न विचारता सरळ विचारलं, दोन-तीन महिन्यांपूर्वी खाली जखम झाली होती का. तो खाली बघत हो म्हणाला.

आता इथे तीन वाटा होत्या. एक म्हणजे रिपोर्ट नॉन रिअ‍ॅक्टिव्ह आहे तर दुसरं काहीतरी असेल म्हणून सोडून देणं, जे आधी झालंच होतं. दुसरी, टेस्टच्या भानगडीत न पडता अंगावरून निदान करून पेनिसिलिनचं इंजेक्शन देऊन टाकणं, आमच्याकडे लक्षणांवरून द्यायची औषधांची किट असतात त्यामुळे हे जमण्यासारखं होतं. तिसरी, टेस्ट परत करणं, पण वेगळ्या पद्धतीने. मॅडमनी दुसरी आणि तिसरी दोन्ही केल्या. इंजेक्शनसाठी थांबल्या नाहीत पण त्याआधी रक्त घेतलं आणि लॅबमधल्या दादांना चिठ्ठीवर लिहून दिलं की सिरम, म्हणजे रक्तातला पाण्यासारखा भाग, पातळ करून बघा.

याचं कारण दादांनी मला नंतर समजावलं, आणि मी आता ते प्रत्येक नवीन काउन्सेलरला सांगते. व्हीडीआरएलमधे अँटीबॉडी आणि अँटिजेन (टेस्टमधे टाकलेला, अँटीबॉडी ज्याला चिकटते तो पदार्थ) यांच्या गुठळ्या झालेल्या दिसल्या की रिअ‍ॅक्टिव्ह. सिफिलिसच्या दुसऱ्या टप्प्यात, म्हणजे अंगावर डाग असतात तेव्हा, कधीकधी अँटीबॉडी इतक्या जास्त होतात की गुठळ्याच धरत नाहीत. दादा म्हणाले लाडवात तूप जास्त झालं की लाडू वळत नाही तसं. याला प्रोझोन म्हणतात. फार नाही होत, पण होतं, आणि सिरम पातळ करत गेलं की गुठळ्या दिसायला लागतात. भाऊचं रक्त पातळ न करता टाकलं तर आमच्या लॅबमधे पण ते नॉन रिअ‍ॅक्टिव्हसारखंच दिसलं. पातळ करत गेले तर १:१२८ पर्यंत, म्हणजे १२८ पट पातळ केल्यावरही, रिअ‍ॅक्टिव्ह. टीपीएचए, म्हणजे सिफिलिसची खात्री करायची दुसरी टेस्ट, पॉझिटिव्ह. एचआयव्ही निगेटिव्ह, तीन महिन्यांनी परत करायला सांगितलं.

म्हणजे खासगी लॅबने चूक केली असं मी म्हणत नाही, त्यांना जी टेस्ट सांगितली ती त्यांनी केली. कागदावर कोणी लिहिलंच नव्हतं की या माणसाच्या तळहाता-तळपायाला डाग आहेत.

दुसरा पेच: वहिनीचं कार्ड निगेटिव्ह होतं

भाऊला त्याच दिवशी इंजेक्शन दिलं. मग मी घरचं विचारलं आणि तो म्हणाला मिसेस पाचव्या महिन्यात आहे. पुढे लगेच म्हणाला, "पण तिचं सगळं नॉर्मल आहे मॅडम, कार्डावर आहे." मोबाइलमधे कार्डाचा फोटो दाखवला. बरोबर, सिफिलिस निगेटिव्ह. तिथल्या गरोदर मातांच्या ओपीडीला फोन केला तर तिथूनही हेच उत्तर, एकदा झालीये ना टेस्ट, मग परत कशाला.

पण ती टेस्ट सप्टेंबरच्या शेवटची होती, भाऊची जखम सप्टेंबरच्या दुसऱ्या आठवड्यातली, आणि जखम असताना घरी संबंध आले होते, ते मी दोनदा विचारून खात्री केली. म्हणजे टेस्टच्या दिवशी एकतर तिला लागण झालीच नव्हती किंवा नुकती होत होती. जखम व्हायला सरासरी तीन आठवडे लागतात, कधी ९ दिवस तर कधी ९० दिवस, आणि रक्तात दिसायला त्याच्याही पुढे वेळ जातो. तो निगेटिव्ह त्या दिवसापुरता खरा होता. डिसेंबरमधे त्याचा काही उपयोग नव्हता.

मॅडमचं मत स्पष्ट होतं, तिला बोलवा, टेस्ट करा आणि रिपोर्ट काहीही येवो पहिलं इंजेक्शन त्याच दिवशी द्या, कारण जोडीदाराला दुसऱ्या टप्प्याचा आजार असेल आणि गेल्या ९० दिवसात संबंध आला असेल तर रिपोर्टची वाट बघायची नसते. पोटात बाळ असताना तर नाहीच. आईला सुरुवातीच्या टप्प्यातला सिफिलिस असेल आणि उपचार झाला नाही तर बाळाला लागण होण्याची शक्यता खूप मोठी असते, पोटातच बाळ दगावणं, दिवस भरायच्या आधी बाळंतपण, जन्मलेल्या बाळाला हाडं, यकृत, रक्त यांचे त्रास. आणि हे सगळं वेळेवर दिलेल्या एका जुन्या इंजेक्शनने टळू शकतं. म्हणून मला या आजारात गरोदर बाईचा एक दिवस वाया गेला तरी त्रास होतो, आणि या केसमधे नऊ दिवस गेले.

तिसरा पेच: तिला सांगायचं कसं

भाऊ रडायला लागला. "मॅडम तिला नुसतं इंजेक्शन द्या, ताकदीचं आहे सांगा, बाकी काही सांगू नका." हे आमच्या रूममधे खूप वेळा होतं. आणि खरं सांगते, बाहेर बऱ्याच ठिकाणी हे केलं जातं, रक्तात इन्फेक्शन आहे म्हणायचं आणि दोघांना टोचून मोकळं व्हायचं. सोपं असतं, घर मोडत नाही असं वाटतं. पण मग तिला कळणार नाही की पुढचे काही दिवस संबंध ठेवायचे नाहीत, तिला कळणार नाही की दर तीन महिन्यांनी रक्त का द्यायचं, आणि बाळाच्या डॉक्टरांना ती काय सांगणार. शिवाय ती अडाणी नव्हती, बारावी झालेली, मोबाइलवर औषधाचं नाव टाकलं असतं तर पाच मिनिटात कळलं असतं आणि तेव्हा आमच्यावरचा पण विश्वास गेला असता.

दुसरा पर्याय, मी स्वतः तिला फोन करून सांगणं. ते मी करू शकत नाही, पेशंटची गोष्ट त्याच्या परवानगीशिवाय दुसऱ्याला सांगायची नाही, बायकोला पण नाही. तिसरा, आशाताईंना निरोप देऊन तिला घेऊन यायला सांगणं. आशाताई त्याच गावातल्या, दोन गल्ल्या सोडून. मी तो विचार लगेच सोडला.

मग मी भाऊबरोबर बसून ठरवलं की तो तीन दिवसांनी तिला घेऊन येईल, तोपर्यंत लांब राहील, आणि माझ्या समोर तो स्वतः सांगेल, अडला तर मी बोलेन. काय शब्द वापरायचे ते पण ठरवलं. त्याच रात्री त्याला सणकून ताप आला, अंग दुखलं, डाग जास्त लाल झाले. ही इंजेक्शनची अ‍ॅलर्जी नसते, जंतू एकदम मरतात त्याची रिअ‍ॅक्शन असते, २४ तासात उतरते, मी त्याला आधी सांगून ठेवलं होतं. पण घरी तापाचं निमित्त झालं आणि तिसरा दिवस टळला. मग चुलत्याकडे कार्यक्रम. मग डिपिंगला, म्हणजे द्राक्षाचे घड औषधात बुडवायला, मजूर मिळाले म्हणून. मी फोन करत होते, तो उद्या म्हणत होता. नवव्या दिवशी आले दोघं.

बोलला मात्र तोच. दोन वाक्यं बोलला आणि गप्प झाला, पुढचं मी सांगितलं. वहिनी बराच वेळ काही बोलली नाही. पहिला प्रश्न विचारला तो बाळाचा. दुसरा मोठ्या मुलीचा, "ती आमच्याच ताटात जेवते, तिला झालं असेल का?" मी सांगितलं की ताट, टॉवेल, संडास यातून हा जंतू येत नाही, याचे जे भाऊबंद भांड्यातून किंवा मुलांच्या खेळण्यातून पसरतात ते वेगळे आणि ते इथे नाहीत, आणि मुलगी तर घरात हा आजार यायच्या तीन वर्षं आधीच जन्मलेली. तिचं समाधान झालं नाही. मॅडमनी मुलीला बोलावून नीट तपासलं आणि रक्त पण घेतलं. माझ्या मते टेस्टची तशी गरज नव्हती पण त्या आईला झोप लागण्यासाठी होती, आणि तीही एक गरजच. निगेटिव्ह आली.

तपासताना वहिनीने हळूच सांगितलं की पंधरा दिवसांपासून मूळव्याध झालीये, गरोदरपणात होते म्हणतात म्हणून कुणाला बोलली नाही. ती मूळव्याध नव्हती. सिफिलिसच्या दुसऱ्या टप्प्यातले ओलसर चपटे उंचवटे होते, सगळ्यात जास्त संसर्ग पसरवणारे. तिचा रिपोर्ट १:६४.

चौथा पेच: पेनिसिलिन द्यायला कोणी तयार नाही

या जंतूची एक गोष्ट चांगली आहे, १९४३ पासून सिफिलिसला पेनिसिलिन वापरतात आणि आजपर्यंत तो पेनिसिलिनला निर्ढावलेला नाही. अझिथ्रोमायसिनला मात्र बऱ्याच देशात निर्ढावलाय. गरोदर बाईत तर पर्यायच नाही, डॉक्सीसायक्लीन चालत नाही, अझिथ्रोमायसिनचा भरवसा नाही आणि ते बाळापर्यंत पुरेसं पोचत नाही. बेंझाथिन पेनिसिलिनच का, तर ते स्नायूत साठून राहतं आणि हळूहळू दोन-तीन आठवडे रक्तात झिरपत राहतं. जंतू तीस तासात एकदा दुभंगतो, म्हणजे औषध पण तितकंच चिवट पाहिजे. साधं पेनिसिलिन काही तासात निघून जातं.

पण इंजेक्शन म्हटलं की रिअ‍ॅक्शनची भीती. आमच्याकडे वहिनीला द्यायला अडचण नव्हती. टेस्ट डोस दिला, अ‍ॅड्रेनॅलिन (रिअ‍ॅक्शन आलीच तर द्यायचं औषध) भरून ट्रेमधे ठेवलं, मग २४ लाख युनिट, १२ लाख एका बाजूला आणि १२ लाख दुसऱ्या. औषध दाट असतं, जाड सुई लागते, हळू द्यावं लागतं, दुखतं खूप. मॅडमनी तिला रात्रभर ठेवून घेतलं कारण ती जी तापाची रिअ‍ॅक्शन असते त्यात गरोदर बाईला कळा येऊ शकतात. ताप आला, पोट थोडं घट्ट झालं, बाळाचे ठोके बघत राहिले, सकाळपर्यंत शांत झालं. इंजेक्शनच्या आधी सोनोग्राफी केली होती, त्यात बाळाच्या पोटात पाणी, यकृत मोठं असं काही नव्हतं.

गरोदरपणात एक आठवड्याने दुसरा डोस द्यावा असं मॅडमचं मत होतं, सगळीकडे देतातच असं नाही. आणि इथे अडलं, कारण वहिनी तिसऱ्या दिवशी माहेरी निघून गेली. ते कुणाला चुकीचं म्हणता येईल असं मला वाटत नाही. सासूला सांगितलं रक्त कमी आहे, इंजेक्शनं चालू आहेत, हे तिनेच ठरवलं, आम्ही नाही. माहेर दुसऱ्या तालुक्यात. मी चिठ्ठी दिली होती, तिथल्या दवाखान्यात गेली तर सांगितलं आम्ही पेनिसिलिन देत नाही, काही झालं तर जबाबदार कोण, हवं तर दुसरं औषध देतो. बाहेरच्या मेडिकलमधे पण इंजेक्शन मिळालं नाही. तिचा फोन आला तेव्हा आवाजात चिडचिड होती, आणि रास्त होती, की ज्याने केलं तो एका दिवसात मोकळा झाला आणि मी पोट घेऊन दवाखाने फिरतेय. शेवटी तिचा माहेरचा सख्खा भाऊ तिला एसटीने नाशिकला घेऊन आला, आठवड्याऐवजी दहाव्या दिवशी दुसरा डोस झाला. सीबीएस बसस्टँडवरून रिक्षाने यायचे त्यांचे पैसे मी दिले, ते इथे लिहायची गरज नव्हती पण अशा खर्चासाठी आमच्याकडे काही सोय नाही हे लिहायची आहे.

पुढे काय झालं

भाऊचे डाग दोन आठवड्यात फिकट झाले, केस परत आले. सिफिलिसमधे उपचार लागू पडला की नाही हे आकड्याच्या उतारावरून ठरतं, सहा ते बारा महिन्यात निदान चौपट खाली यायला पाहिजे. तीन महिन्यांनी १:३२, सहा महिन्यांनी १:८. एचआयव्ही परत निगेटिव्ह. त्याला एक गोष्ट मी तीनदा सांगितली की एकदा झाला म्हणजे परत होत नाही असं नाही, परत लागण होऊ शकते.

वहिनी दीड महिन्याने सासरी परत आली. काय बोलणं झालं घरात ते मला माहीत नाही, मी विचारलं नाही. एप्रिलच्या तिसऱ्या आठवड्यात बाळंत झाली, मुलगा, २ किलो ७०० ग्रॅम. तेव्हा तिचा आकडा १:१६ होता आणि बाळाचा १:४. बाळाच्या रक्तात आईच्या अँटीबॉडी येतातच, त्यामुळे नुसता रिअ‍ॅक्टिव्ह म्हणून घाबरायचं नसतं. बाळाचा आकडा आईच्या चौपट किंवा जास्त असेल तर गोष्ट वेगळी. तपासणीत बाळ व्यवस्थित, आईचा उपचार बाळंतपणाच्या चार आठवड्यांपेक्षा खूप आधी पूर्ण झालेला, म्हणून बालरोगतज्ज्ञांनी वजनाप्रमाणे पेनिसिलिनचा एक डोस दिला आणि दर दोन-तीन महिन्यांनी रक्त बघायचं ठरलं. सहाव्या महिन्यात बाळाचं व्हीडीआरएल नॉन रिअ‍ॅक्टिव्ह. रिपोर्ट घ्यायला वहिनी एकटी आली होती, बाळाला कडेवर घेऊन. झेरॉक्स दोन मागितल्या.

आता परत अशी केस आली तर

पहिलं ते नऊ दिवस. मी टेस्ट आणि सांगणं या दोन गोष्टी एकत्र बांधून ठेवल्या, ती माझी चूक झाली. गरोदरपणात सिफिलिसची टेस्ट परत करणं हे तसंही करायचंच असतं, विशेषतः शेवटच्या तिमाहीत, त्यामुळे तिला तिच्याच तपासणीसाठी, तिची परवानगी घेऊन, दुसऱ्याच दिवशी बोलावता आलं असतं आणि रक्त घेता आलं असतं. तिचा स्वतःचा रिपोर्ट हातात आला असता तर तो तिचा होता, तो तिला सांगायला मला भाऊच्या परवानगीची वाट बघायची गरजच नव्हती. सहकारी म्हणतात की हे मागच्या दाराने सांगितल्यासारखं झालं असतं. मी यावर खूप विचार केलाय आणि माझं मत आहे की पोटातल्या बाळासाठी हे करायला हवं होतं.

दुसरं, माहेर. आपल्याकडे गरोदर बाई आणि त्यातून घरात बिनसलेलं, ती माहेरी जाणार हे मला पहिल्याच दिवशी सुचायला पाहिजे होतं. आता आम्ही पहिल्या डोसच्या वेळीच विचारतो की पुढच्या आठवड्यात कुठे असाल, आणि तिथल्या दवाखान्याशी आधी बोलून घेतो, औषध आहे का, देणार का.

तिसरं, कागद. झटपट किटवाली टेस्ट आणि टीपीएचए बहुतेकांची आयुष्यभर पॉझिटिव्ह राहते, उपचार पूर्ण झाला तरी. वहिनीला पुढे कधी दिवस गेले, किंवा रक्तदान शिबिरात गेली, तर परत पॉझिटिव्ह येणार आणि कुणीतरी तिच्याकडे संशयाने बघणार. म्हणून तिच्या कार्डाला एक कागद स्टेपल केलाय, कोणत्या तारखेला किती डोस झाले, प्रत्येक वेळचा आकडा किती, मॅडमची सही-शिक्का. भाऊला पण तसाच. हे आधी आम्ही करत नव्हतो.

चौथं म्हणजे स्किनची रांग. द्राक्षाच्या सीझनला फवारणीची खरी अ‍ॅलर्जी झालेले ढीगभर लोक येतात, त्यात एखादा असा लपतो. मॅडमनी आता ओपीडीत नवीन डॉक्टरांना सांगून ठेवलंय की डाग खाजत नसतील आणि तळपायाला असतील तर तोंड उघडून बघा, कोपरावर हात लावून बघा, आणि लॅबच्या चिठ्ठीवर डाग आहेत असं लिहा म्हणजे दादा सिरम पातळ करूनच बघतात.

आणि एक गोष्ट अजून झालेलीच नाही. वाशीच्या त्या बाईचा जो फोन नंबर भाऊकडे होता तो बंद लागतो, तिच्यापर्यंत आम्ही पोचू शकलो नाही, तिला पण उपचार मिळायला हवा होता. पिकअपवाला मित्र त्या रात्री बरोबर होता. त्याच्यासाठी मी भाऊकडे चिठ्ठी दिली, त्यावर नाव नसतं, फक्त नंबर असतो, तो घेऊन आलं की काही न विचारता तपासतात. भाऊ म्हणतो दिली. मित्राच्या घरी पण बायको आहे, मागच्या वर्षी लग्न झालंय. रजिस्टरमधे त्या नंबरसमोरचा कॉलम अजून रिकामा आहे, मी दर सोमवारी भाऊला फोन करून विचारते.